यमुनाबाईंचं घंगाळ

सत्तावन्न साली मी भोरला मावशीकडे राहून आठवीत शिकत होते. इतिहासाला सोवनी मास्तर. आवाज इतका संथ की मागच्या बाकांवर हमखास डुलक्या लागायच्या. पण त्या महिन्यात कुणी डुलकलं नाही. धडा नसतानाही दर शनिवारी ते एक इंग्रजी पुस्तक मराठी करून वाचून दाखवत होते. हिटलरच्या राज्यात लाखो ज्यू माणसं, बायकापोरांसकट, गाड्यांत कोंडून नेली आणि मारली. मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. माणसं नेल्यावर शेजाऱ्यांनी त्यांच्या खाटा, भांडी, पडदे वाटून घेतले होते. मारणाऱ्यांचा राग येणं सोपं होतं, शेजाऱ्यांचं काय करायचं ते मला कळेना.

मग मास्तरांनी आम्हाला पुण्याला वस्तुसंग्रहालय बघायला नेलं. तिथं ज्यूंचं काहीच नव्हतं. दिवे, अडकित्ते, फण्या होत्या. वर्गातल्या मौलालीनं तोंडावर विचारलं, मग हितं कशापायी आलो? मास्तर म्हणाले, "सवय लावायला. वस्तू दिसली की विचारायचं, ही वापरणारं माणूस कुठं गेलं?" प्रत्येकानं घरातल्या एका वस्तूवर पानभर लिहून आणायचं ठरलं.

मी मुळातच आगाऊ. मार्गासनीच्या पुढे डोंगरात आमची वाडी. सुट्टीला घरी गेले आणि दिसेल त्या वस्तूचं मूळ विचारत सुटले. आई वैतागली. माळ्यावर नाचणी भरून ठेवलेलं एक तांब्याचं घंगाळ होतं. ते रिकामं करून मी उजेडात आणलं. काठावर नाव कोरलेलं होतं, यमुनाबाई सोवनी. आमच्या घरात माझ्याआधी कुणालाच वाचता येत नव्हतं.

गांधीजींचा खून झाला तेव्हा शेजारच्या गावात ब्राह्मणांची घरं जाळली, एवढं मी ऐकून होते. तेव्हा मी चार वर्षांची. मास्तर त्याच गावचे, हे मला माहीत नव्हतं. आणि आबा तिथं गेले होते, हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील कोंडिबा, ज्यांच्या शब्दावर वाडीतली भांडणं मिटायची. मी त्यांना ते नाव वाचून दाखवलं आणि मास्तर, ज्यू, शेजारी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले आणि गोठ्यात गेले.

सोमवारी ते माझ्याबरोबर एसटीत बसले, घंगाळ घोंगडीत बांधून. वाटभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मला त्यांची लाज वाटत होती. वर्गातल्या मुलींनी त्यांना पाहू नये, असं सारखं वाटत होतं आणि तसं वाटतंय याचीही लाज वाटत होती.

शाळेत मास्तरांनी नावावरून बोट फिरवलं आणि खुर्चीवर बसले. आपली आई त्यानंतर पुण्याला भाड्याच्या खोलीत राहिली, दोन वर्षांनी तिथंच वारली, एवढंच बोलले. आबांनी पागोटं काढून त्यांच्या पायांशी ठेवलं. मास्तरांनी ते उचलून परत हातात दिलं, पण माफ केलं असं काही म्हणाले नाहीत.

"कोंडिबा, मी पोरांना पुस्तकातलं सांगतो," ते म्हणाले. "तिकडचं फार मोठं आहे, त्याची आणि आपली बरोबरी नाही. पण चांगला माणूस त्या दिवशी तसा का वागतो, ते मला सांगता येत नाही. तुम्ही सांगा."

आबा चाळीस मुलांसमोर उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. आग आपण लावली नाही, म्हणाले. गर्दीमागून बघायला गेलो. सगळे काहीबाही उचलत होते, आपणही उचललं. का, ते अजून सांगता येत नाही. मग मौलालीनं विचारलं की तेव्हा मास्तरांची आई कुठं होती.

आबांनी घंगाळाकडे पाहिलं. मी मान खाली घातली होती.

"अंगणात बसल्या हुत्या," ते म्हणाले. "म्या घंगाळाला हात घातला, तवा माज्याकडं बगितलं. वळखत हुत्या मला. म्हनल्या, कोंडिबा, जपून धर, तापलंय ते."