भरावावरची आळी

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची काच सकाळी आठला फुटली. मी तोंड धुऊन आलो तर बोटभर रुंदीची ती पट्टी मधोमध तडकलेली दिसली.

ती आळीतल्या भेगा तपासायला आलेल्या सरकारी इंजिनियर बाईंनी लावली होती. भिंतीला भेग गेली की तिच्या दोन्ही काठांवर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवायची. भेग केसभर जरी वाढली तरी काच तुटते. मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. वरच्या आळीत एकोणीस घरं. त्यांतल्या अकरा घरांत बाईंनी पट्ट्या लावल्या आणि सगळ्यांना बजावलं, एक तुटली तर मला कळवा, दोन तुटल्या तर त्याच दिवशी आळी रिकामी करायची.

एक आदल्या दिवशीच तुटली होती, पाववाल्याच्या भट्टीमागे. ट्रे लागून तुटली असं तो म्हणत होता. माझी दुसरी.

झड लागून पाच दिवस झाले होते. मुलगा खाली रस्त्यावर गटारं मोकळी करायला गेला होता, सूनबाई नातीला उठवत होती. मी अडगळीतून जुन्या खिडकीची काच काढली, पट्टी कापली, प्लास्टर कालवलं आणि तिथे नवी बसवली. फुटलेले तुकडे खिशात घातले. 

का केलं ते सांगतो. माझी बायको त्याच्या आठ महिने आधी त्याच घरात वारली, मधल्या खोलीत. तिचं अंथरूण मी अजून गुंडाळलं नव्हतं. एकदा आळी रिकामी झाली की घरं पाडणार, हे मला ठाऊक होतं. मला तिथून उठायचं नव्हतं. एवढंच.

दुपारी बाई छत्री घेऊन घरोघर फिरल्या. माझ्याकडे आल्या, दारातूनच बॅटरी मारून पट्टी बघितली आणि वहीत खूण केली. मग म्हणाल्या, "आजोबा, गावात सगळ्यात आधी तुम्ही आलात म्हणतात. ही सपाटी मुळातली ना? डोंगराचीच?"

"माझं घर बांधलं तेव्हापासून अशीच आहे," मी म्हणालो.

शब्द खरे होते, उत्तर खोटं होतं. आम्ही बावीस माणसं रस्ता खोदायला आलो तेव्हा इथे सपाटी नव्हतीच, खोल घळ होती. सुरुंग लावून कडा फोडायचा आणि दगडमाती या घळीत लोटायची, असं दोन वर्षं चाललं. घळ भरली, वर सपाटी झाली. मग मुक्काम पुढे हलवायची वेळ आली तेव्हा बायकोला सातवा महिना होता. ती म्हणाली, आता मी तंबू उचलायची नाही, इथेच चार भिंती घाला. शेजारच्या कातळात पाया खोदायला महिना गेला असता. भरावात चार दिवसांत झाला. माझं बघून मुकादमाने बांधलं, त्याचं बघून दुकानदाराने. पुढे बस थांबू लागली, पोस्ट आलं, खाली बाजार वाढला. शाळा तेवढी सरकारी लोकांनी पलीकडे कातळावर बांधली. बावीस जणांतला आता मी एकटा उरलोय. आपल्या पायाखाली काय आहे ते आळीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या मुलालाही नाही.

तीन वाजता सूनबाईने आतून हाक मारली. ती भिंतीपाशी उभी होती. नवी पट्टीही तडकली होती, सात तासांत.

"बाबा, हे प्लास्टर ओलं आहे," ती म्हणाली.

 तिने आदळआपट केली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. तिने नातीला कडेवर घेतलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही गवंडी आहात. मला एवढंच सांगा, आज पोरीला इथे झोपवू का?"

 हो म्हणायला तोंड उघडलं, आणि नातीकडे पाहिलं. मग तिला म्हणालो, नेसत्या कपड्यांनिशी शाळेत जा, जाताना शेजारच्यांनाही काढ.

बाईंची बस साडेतीनची. मी छत्री न घेताच उतार उतरलो. बसचं इंजिन सुरू झालं होतं. पाववाला मागच्या दारातून पावाचे क्रेट चढवत होता. मला धापा टाकताना बघून म्हणाला, "काय म्हातारबा, घर सोडून पळालात? अर्धं तिकीट काढू?" लोक हसले.

मी दांडी धरून दारातच उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बाईंना सांगितलं. "सकाळी माझी पट्टी फुटली. मी नवी लावली. तीही फुटली. आणि आळी भरावावर आहे. खाली तीस हात घळ आहे."

 बाई पिशवी घेऊन खाली उतरल्या.

पाववाल्याने हातातला क्रेट खाली ठेवला. "माझी तिन्ही पोरं त्या आळीत वाढली. तू रोज माझ्या हातून पाव घेतलास आणि तोंडाला कुलूप लावून बसलास?"

म्हातारबाचा तू झाला होता. 

सहापर्यंत आळी रिकामी झाली. मुलगा म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून नेत होता, माझ्याकडे बघत नव्हता. मी अंथरूण गुंडाळायला मधल्या खोलीत गेलो, तेव्हा त्याने मागून दंड धरला आणि म्हणाला, "बाबा, राहू दे." मला तसंच बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आळी गेली. शाळेच्या ओसरीवरून सगळ्यांनी पाहिली. आधी विजेचा खांब कलला, मग भट्टीची चिमणी, मग माझं घर. एकोणिसांतली नऊ घरं. आत माणूस एकही नव्हता.

पाऊस थांबल्यावर बाईंनी मला विचारलं, नवी घरं बांधायला कातळ कुठवर आहे. मी शाळेमागचा पट्टा दाखवला. पाववाला म्हणाला, याच्या शब्दावर मी एक वीट रचणार नाही, खणून दाखवू दे.

म्हणून मी खणतोय. प्रत्येक नव्या घराच्या जागेवर एक खड्डा, कातळ लागेपर्यंत. मुलगा एकदा, मी खणतो म्हणून, पहार मागायला आला होता, मी दिली नाही. चौथा खड्डा पाववाल्याचा. छातीएवढा खोल गेल्यावर पहार ठणकन वाजली. मी वर आलो. तो स्वतः आत उतरला, उकिडवा बसला, तळहाताने माती बाजूला केली आणि दगड चारी कोपऱ्यांत चाचपून बघितला. मी काठावर उभा होतो. त्याला वेळ लागला. मग त्याने पहारेसाठी हात वर केला, आणि मी ती त्याच्या हातात दिली.