निळ्या स्कूटरचा दुसरा अंतरा

मार्च महिन्यातला रविवार होता. मी अंगणात मिरच्या उलटत बसले होते, तेवढ्यात फाटकाशी एक जोडपं येऊन थांबलं. माणसाच्या हातात पाण्याची बाटली होती आणि बाईच्या कडेवर, लेकरू घ्यावं तसं, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"रंगराव रेडिओवाल्यायचं घर हेच का जी?" माणसानं विचारलं.

रंगराव माझे यजमान, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. संग्रामपुरातलं आमचं दुकान बंद होऊन त्याच्या दुप्पट. तेव्हापासून या नावानं घर विचारत कोणी आलं नव्हतं, म्हणून मी हातावरचं तिखट पदराला पुसत उठले.

"हेच. या ना."

बाईनं आधी ते ओझं ओसरीवर ठेवलं आणि मग श्वास घेतला. "अमडापूरपासून मांडीवर घेऊन आलो हे धूड. शेगावले कंडक्टर म्हणे, बाई, याचं अर्धं तिकीट काढा."

"कॅसेटचा डेक हाय तो. सोन्यासारखा," माणूस म्हणाला.

"मंग तुमी काऊन नाई घेतला मांडीवर?"

"माह्या गुडघ्याचं तुले ठाऊक नाई का?"

"कॅसेटीपाशी बसतानी कसे दोन दोन तास दुमडून रायते गुडघे?"

त्याचं नाव सहदेव. वीज मंडळात लाइनमन होता, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. ती कोकिळा, त्याची बायको, माहेर वरवट बकालचं. पाणी पिऊन झाल्यावर सहदेवनं खिशातून रुमालात बांधलेली एक कॅसेट काढली आणि माझ्यापुढे धरली.

"काकू, हे अक्षर कोणाचं हाय?"

कव्हरवर आमच्या दुकानाचा शिक्का आणि निळ्या शाईनं लिहिलेली पंधरा गाण्यांची नावं होती. प्रत्येक नावाखाली एक बारीक रेघ. ती रेघ मी कशासाठी मारायची ते मला लगेच आठवलं. गाणं भरून झालं, की मारायची.

"माहं," मी म्हटलं.

सहदेवनं बायकोकडे पाहिलं, आणि इतका मोठा सुस्कारा सोडला, की मला वाटलं याच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

त्या काळी कॅसेट विकत घेण्यापेक्षा भरून घेणारे जास्त होते. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन यायचे. रंगराव बाहेर रेडिओ दुरुस्त करत, आणि आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कॅसेटी भरण्याचं काम माझं. दुकानावर पाटी होती: 'गाणे अर्धवट भरून मिळणार नाही.' दुसऱ्या गावात कुठेही जा, कॅसेटची बाजू संपली की गाणं मध्येच मान मोडल्यासारखं बंद पडायचं. आमच्याकडे कधीच नाही. रंगरावांना त्याचा फार अभिमान होता.

सहदेव जुनी पॉप गाणी जमवणारा. दहा-बारा कलाकारांची वेगवेगळी गाणी एकत्र करून कंपन्या संकलनाच्या रेकॉर्डी काढत, त्यांचा तर त्याला विशेष नाद. असा नाद असलेल्या साठेक लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, आणि ते सगळे मिळून मोठी यादी करताहेत: कोणतं गाणं कोणत्या संकलनावर कसं कसं आलं.

"आता हे निळ्या स्कूटरचं गाणं घ्या," तो सांगायला लागला. "मूळच्या छोट्या रेकॉर्डीवर सुरुवातीले शिट्टी हाय. संकलनाच्या मोठ्या रेकॉर्डीवर शिट्टीच नाई, डायरेक्ट गिटार. मंग वीस वर्षांनी सीडी आली, तिच्यावर शिट्टी हाय, पन शेवट लवकर विरते. असे तीन प्रकार सगळ्यायले ठाऊक हायेत."

"आणि चौथा?"

"चौथा माह्यापाशी. याच्यात शिट्टी नाई आणि दुसरा अंतरा नाई. पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर. देशात कोणापाशी नाई काकू. मी नोंदवला तवा लोकायनं हार घातले मले फोनवर. यादीत नंबर एकोणीस, पुढं माहं नाव."

"आणि आता चप्पल दाखवून राह्यले," कोकिळा म्हणाली.

झालं होतं असं, की पुण्याच्या शेखर नावाच्या माणसानं, तो त्या ग्रुपचा प्रमुख, सहदेवनं पाठवलेलं गाणं बारकाईनं ऐकलं. पहिल्या अंतऱ्यानंतर तिसरा जोडला जातो त्या जागी ढोलाचा ठोका दीडदा वाजतो, असं त्याच्या ध्यानात आलं. त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, की हे घरी कॉम्प्युटरवर कापलेलं आहे आणि सहदेवभाऊंनी आपल्याला फसवलं. आज संध्याकाळपर्यंत पुरावा द्या, नाहीतर ग्रुपमधून नाव काढू.

"मले कॉम्प्युटर चालू कराले येत नाई काकू," सहदेव म्हणाला. "पस्तीस वर्षं खांबावर चढलो, एका माणसानं मले खोटारडा म्हटलं नाई. तुमी फक्त सांगा, तुमच्यापाशी असा रेकॉर्ड होता का?"

निळी स्कूटर म्हटल्याबरोबर मला ती कॅसेट भरल्याचं आठवलं होतं. पण ते मनातच ठेवून मी उठले. आतून ती संकलनाची रेकॉर्ड आणून दिली. माझ्या रेकॉर्डी मी विकल्या नाहीत. रेकॉर्ड प्लेअरही चालतो, दिवाळीत आणि कंटाळा आला की लावते.

सहदेवनं रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. "हा ओरखडा कायचा?"

"रेडिओचे स्क्रू काढतानी रंगरावांच्या हातून पेचकस पडला होता तिच्यावर. शहाऐंशी साली. चार दिवस मी बोलले नव्हते त्यायच्याशी."

तो ताठ बसला. त्याच्या कॅसेटमध्ये तिसऱ्या अंतऱ्यात टिक् टिक् असे सात आवाज आहेत, आणि ते काय आहेत हे त्याला आजवर कळलं नव्हतं. त्यानं लगेच पुण्याला फोन लावला, चेहरे दिसणारा. शेखर पन्नाशीचा, चष्मेवाला, गॅलरीत बसून पोहे खात होता.

"ऐका शेखरभाऊ, तिसरा अंतरा ऐका फक्त," सहदेव म्हणाला आणि आधी कॅसेट लावली, मग माझी रेकॉर्ड. दोन्हीकडे सात टिक्. त्याच शब्दांवर, त्याच अंतरानं.

शेखरनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "मान्य. कॅसेट याच रेकॉर्डवरून भरली आहे. आता सुई मागे घ्या आणि दुसरा अंतरा लावा."

सहदेवनं सुई मागे घेतली. दुसरा अंतरा वाजला. पूर्ण, स्वच्छ, एक ओळही कमी नाही.

मग शेखर हळूच म्हणाला, "सहदेवभाऊ, रेकॉर्डवर अंतरा आहे आणि तुमच्याकडच्या टेपवर नाही. म्हणजे मधे कोणाचा तरी हात फिरला. मला वाईट वाटतं, पण..."

सहदेवनं मान खाली घातली. कोकिळेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी रेकॉर्ड थांबवली. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि समोर हा जिवंत माणूस बसला होता.

"हात माहा फिरला," मी म्हटलं.

"काय म्हणता काकू?"

"गाणं मी कापलं. दुकानात बसून." आणि मी कोकिळेकडे वळले. "तुह्यासाठी. पिवळी ओढणी, दोन वेण्या, संगं धाकटा भाऊ. वरवटहून सायकलवर आली होतीस. पंधरा गाण्यायची यादी आणली आणि कॅसेट साठ मिनिटांची. मी म्हटलं, पोरी, पहिल्या बाजूची आठ गाणी बत्तीस मिनिटं होते, टेप पुरते एकतीस मिनिटं. एक गाणं कमी कर. तू म्हणे, माहं लगन ठरलं, हे पंधराचे पंधरा मले सासरी न्यायचे हायेत. आणि रडाले लागलीस."

"मी?" कोकिळा म्हणाली. "मी कायले रडू? मले तं हे कायीच आठवत नाई."

"मले आठवते."

खरं म्हणजे ती एकटीच नव्हती. यादीतलं एकही गाणं कमी करायला कोणी तयार नसायचं, आणि पाटी म्हणायची अर्धवट भरून मिळणार नाही. मग मी एक युक्ती काढली होती. शेवटचं गाणं तोडायचं नाही. आधीच्या एखाद्या गाण्याचा मधला अंतरा काढून घ्यायचा. मुखड्याच्या ठोक्यावर पॉझचं बटण दाबायचं, रेकॉर्ड तशीच पुढे वाजू द्यायची, आणि अंतरा सरून पुन्हा तोच ठोका आला की बटण सोडायचं. जोड बरोबर बसला, की मला त्या अंधाऱ्या खोलीत एकटीलाच हसू यायचं. गिऱ्हाइकाला कळायचं नाही. कोणी विचारलंच, तर मी सांगायची, कंपनीनंच तसं दिलं आहे. रंगराव तर बाहेर होते. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हे सगळं मी त्या फोनसमोर सांगितलं.

शेखरनं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "काकू, तुमच्यावर अविश्वास नाही. पण ग्रुपमधले लोक म्हणतील, भाऊंनी ओळखीच्या बाईंना पढवून आणलं."

"मंग त्यायच्यासमोरच कापून दाखवा काकू," कोकिळा ठसक्यात बोलली. "डेक काय मी शोभेले आणला का मांडीवर?"

सहदेवनं वायरी जोडल्या, कोरी कॅसेट घातली. मी डेकसमोर बसले. बोटं आता वाकडी झाली आहेत, सकाळी भाकरी थापताना दुखतात. पहिल्या वेळी बटण उशिरा दाबलं गेलं, अंतऱ्याचा पहिला शब्द आत शिरला. दुसऱ्या वेळी सोडायला उशीर झाला. सहदेव माझ्या हाताकडे असा पाहत होता, जसा कोणी विजेच्या खांबावर चढलेल्या माणसाकडे पाहतो.

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले. मोजणं सोडून दिलं. डेकची टेप सुरू व्हायला अर्ध्या ठोक्याचा उशीर होतो, म्हणून बटण ठोक्याच्या आधीच सोडायचं, हे डोक्याला नाही, पण अंगठ्याला ठाऊक होतं. टेप मागे घेऊन लावली. मुखडा संपला, ढोल दीडदा वाजला आणि सरळ तिसरा अंतरा सुरू झाला. मग सात टिक्.

"बापरे," शेखर म्हणाला. "हुबेहूब."

त्यानं आमच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं, की सहदेवभाऊंवर केलेला आरोप खोटा होता, चूक माझी, मी सगळ्यांदेखत माफी मागतो. सहदेवनं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"आता तिसऱ्यांदा नका वाचू," कोकिळा म्हणाली. "काकूचा चहा थंडा होऊन राह्यला."

"भाऊ, एकोणीस नंबर आपण ठेवू," शेखर म्हणाला. "खाली टीप देऊ, की संग्रामपूरच्या दुकानात भरलेलं. अशी नोंद कोणाकडेच नसेल."

सहदेवनं चहाची बशी हातातच धरली. त्याला हवं तेच तो माणूस देऊ करत होता. यादीत नाव राहिलं असतं.

"नाई," तो म्हणाला. "यादी कंपनीनं काढलेल्या गाण्यायची हाय. हे कंपनीनं काढलं नाई, काकूनं काढलं. खोडा एकोणीस."

"अहो, पण..."

"खोडा म्हटलं ना."

फोन बंद झाला. कोकिळा पहिल्यांदाच जरा मवाळपणे बोलली, "तुमच्या यादीत नसन तं नसो. माह्या यादीत तं होतं."

जेवायला मी त्यांना थांबवलंच. वांग्याचं भरीत, भाकरी, कांदा. जेवताना सहदेवच्या आग्रहावरून दुसरा अंतरा पुन्हा लावला. त्यानं घास हातात ठेवून ऐकला. अडतीस वर्षं तो ते गाणं त्या ओळींविना गुणगुणत आला होता.

"चांगला हाय," तो म्हणाला. "पन मले पाहुण्यासारखा वाटते."

निघायच्या वेळी त्यानं कॅसेट रुमालात बांधली, आणि बांधता बांधता थांबला. कव्हरची मागची बाजू उलटून पाहिली.

"काकू, या बाजूले सातच गाणी हायेत. इकडं तं नाई ना कापलं काही?"

मला नाही म्हणता आलं असतं. त्या बाजूचं ग्रुपमधलं कोणी विचारत नव्हतं.

"पाचवं," मी म्हटलं. "त्यात मधली बासरी होती, लंबी. ती काढली."

"पाचवं!" कोकिळा कपाळावर हात मारून म्हणाली. "यादीतला एकतीस नंबर हाय ना जी तो तुमचा?"

सहदेव ओसरीच्या पायरीवर बसला. एसटीला वीस मिनिटं होती. त्यानं खिशातून फोन काढला आणि पुन्हा पुण्याचा नंबर लावला.