ठमीच्या फळीची पेटी

बुधाजी सुतारानं खाडीकाठच्या निम्म्या घरांची दारं बसवली होती, पण त्याच्या बायकोची लुगडी अजून दोरीवरच वाळत आणि दोरीवरच राहत. ठमीला एक पेटी हवी होती. मोठी नको, दोन लुगडी, एक चोळखण आणि आईची कुंकवाची डबी मावेल एवढीच. पेटीसाठी तिनं माळ्यावर फणसाची फळी जपून ठेवली होती. माहेरचा फणस वादळात पडला तेव्हा भावानं होडीतून आणून दिलेली, हळदीच्या रंगाची चांगली रुंद फळी. पावसाळा सरला की ती म्हणे, "अवो, माझ्या पेटीचं बगा की." आणि बुधाजी म्हणे, "बगू."

त्या वर्षी त्यानं पेटीचं बघायला घेतलं खरं. पण स्वतःच्या.

त्याला कारण खाडीवर माणसं नेणारी होडी, म्हणजे तर, चालवणारा धर्माजी तरवाला. बुधाजीची हत्यारं गोणपाटात असत. करवत, रंधा, पटाश्या, हातोडा, लाकूड तासायचा वाकस, सगळी एका पोत्यात, एका चुलीवरच्या जावांसारखी. गणपतीच्या आधी खाडी ओलांडताना वाकसानं गोणपाट फाडलं आणि धर्माजीच्या पोटरीचा घास घेतला. धर्माजी पोटरी आवळून धरत म्हणाला, "बुधा, तू ये, तुझी बायको येऊ दे, तुझी म्हस आली तरी चालंल. पर ह्यो गोणपाट माझ्या तरीत पुन्ना न्हाय."

आणि तरीशिवाय तर भागणार नव्हतं. दसऱ्याच्या संध्याकाळी दिघीला एका सुपारीच्या व्यापाऱ्याच्या नव्या घराची मुहूर्ताची चौकट बुधाजीच्या हातून उभी राहायची होती. पुढं शिमग्यापर्यंतचं काम होतं. हत्यारं घेऊन वेळेवर पोचला नाही, तर मुकादम दुसरा सुतार उभा करायला मोकळा.

बुधाजी माणगावच्या बाजारात गेला. तिथं पत्र्याची ट्रंक बघितली, निळी, वर गुलाबाचं फूल काढलेली. आत दोन पटाश्या टाकून त्यानं ती हलवली, कान लावला, आणि तोंड वाकडं करून खाली ठेवली. "आत हत्यारं नाचत्यात. धार ऱ्हायची न्हाय. आनि खाऱ्या वाऱ्यानं बूड आधी जाईल." बुरुडाची करंडी बघितली, तिची कडी ओढून बघितली, ती हातात आली. बुरुड भांडला. बुधाजी हात हलवत परत आला. ठमीला आठवलं, तिला बघायला आला होता तेव्हा ह्यानं एकदा मान वर केली होती आणि म्हणाला होता, "चालंल."

मग त्याला वस्तादांच्या पेटीची आठवण झाली.

वस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली बुधाजी शिकला ते हिरामण सुतार. ते वारले होते. त्यांची दुसरेपणाची बायको कृष्णाबाई बंदराजवळ राहायची. वयानं ठमीएवढीच, पण दात सगळे शाबूत, आणि ते दाखवायची हौस. बुधाजी पेटी बघून आला. दुसऱ्या दिवशी माप घ्यायला गेला. मग माप चुकलं म्हणून गेला.

"पेटी बगायला एवढा येळ लागतो व्हय गं?" शेजारची सोनाबाई कुंपणावरून म्हणाली. "तळ न्हाय की काय तिला?"

"मोठी हाय म्हनं पेटी," ठमी म्हणाली.

"आसंल बाई. कृष्णावैनीचं समदंच मोठं."

ठमीनं घरातलं विरजण कोनाड्यात मागं सारलं आणि वाटी घेऊन विरजण मागायला निघाली.

कृष्णाबाईच्या ओटीवर पेटी उघडी होती, आणि बुधाजी तिच्यासमोर कीर्तनाला बसल्यासारखा मांडी घालून बसला होता. कृष्णाबाईच्या हातात पटाशी होती. ठमीची नजर आधी तिथंच गेली. ठमीच्या सासूचा दंडक असा होता, की बाईनं हत्याराला वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कुंकू लावायचं आणि वर्षभर त्यांच्याकडं पाय करून झोपायचंसुद्धा नाही. सासू गेली, दंडक राहिला. आणि ही बया पटाशी अशी फिरवत होती, जसा काही कालथाच.

"जड ते खाली," कृष्णाबाई सांगत होती. "वाकस तळाला, तोंड भिंतीकडं. पटाश्या वरच्या खनात, समद्यांची तोंडं येका अंगाला. करवत झाकनाच्या पोटाला. हात घातला की न बगता गावलं पायजे. रोज सकाळी मीच भरून द्यायची, भावजी. त्यास्नी कंदी इचारावं लागलं न्हाय."

"व्हय," बुधाजी म्हणाला. एवढं हळुवार 'व्हय' ठमीनं आपल्या घरात ऐकलं नव्हतं.

"ठमे! ये गं," कृष्णाबाईनं तिला बघितलं. "बरी आलीस. मी ह्यास्नी म्हनत व्हते, करायला कशाला बसता, हीच घेऊन जा. माज्याकडं नुसती उंदरं बसत्यात तिच्यात."

बुधाजीचं तोंड उजळलं. ठमीला दिसलं ते. ही पेटी आपल्या घरात येणार, दर सकाळी उघडणार, आणि दर सकाळी त्या झाकणाखालून ही दात काढून हसणार.

"नको," ठमी म्हणाली.

"का गं?"

"आमच्या घरात फळी हाय. फनसाची."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय दिलं ते. पण मत्सराची तऱ्हाच अशी. तो दुसऱ्याचं नाकारताना आपलं देऊन मोकळा होतो.

विरजण मागायचं राहूनच गेलं.

फळी माळ्यावरून उतरली. बुधाजीनं पेटी केली ती मात्र अशी, की ठमीला नाव ठेवायला जागा सापडेना, आणि तिनं शोधली नव्हती असं नाही. कोपरे एकमेकांत दातांसारखे बसवलेले, कुठं खिळा दिसत नव्हता. आडवा दांडा गुळगुळीत, मुठीत बसणारा. वर उचलून काढायचा खण. संध्याकाळी तो पेटीला उंडीचं तेल चोळी, फडकं बाजूला ठेवून पुन्हा तळहातानं चोळी. ठमी चुलीपुढून बघत राही. आधी तिला कृष्णाबाईचा राग होता. आता पेटीचाही आला. माझ्या माहेरची, माझ्या माळ्यावरची, आणि हिच्याच नशिबात हा हात. शिमग्यापर्यंत ही त्याच्यासोबत राहणार पलीकडे आणि मी इथं दोरीखाली.

उरलेल्या तुकड्यात लाटणंसुद्धा निघालं नसतं.

वरच्या खणात एक जागा मोकळी होती. वीतभर लांब, चौकोनी कोरलेली.

"ही कशाला?"

"आसू दे. काय तरी लागतंय," बुधाजी म्हणाला आणि तेलाचं फडकं शोधू लागला. ते त्याच्या खांद्यावरच होतं.

खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली. पेटी शेजारी, रिकामी. ठमीनं कुंकू लावलं, करवतीला, रंध्याला, वाकसाला, आणि पेटीला जरा कमी. आता दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत सुताराचा हात हत्याराला लागायचा नाही.

दसऱ्याच्या सकाळी धर्माजीची हाक आली तेव्हा बुधाजी फेटा बांधत होता.

"बुधा! पानी भरलंय! दशमीची भरती हाय, न्हारीपातूर ऱ्हानार, मग चिखलातनं जाशील व्हय?"

बुधाजीचा हात फेट्यातच थांबला. तिथी त्याच्या डोक्यात होती ती पूजेची. भरतीची तिथी तरवाल्याच्या डोक्यात. सोनं वाटून पेटी भरू, असं तो धरून चालला होता. पण सोनं संध्याकाळी, आणि चौकटही संध्याकाळी, ती पलीकडं. हत्यारं पाटावर, पेटी रिकामी, आणि त्यानं हात लावायचा नाही.

"आळीतल्या सदाला बोलवू?" तो म्हणाला.

"सदा बी सुतारच हाय. त्याचा तरी हात आज कुटं चालतो?" ठमी पदर खोचून पाटासमोर बसली. "सरा."

"अगं, बाईचा हात..."

"कृष्णाबाईचा चालतो?"

बुधाजी सरला.

वाकस तळाला, तोंड भिंतीकडं. त्यावर हातोडा, मग रंधा. पटाश्या वरच्या खणात, सगळ्यांची तोंडं एका अंगाला. करवत झाकणाच्या पोटाला. ठमीचा हात कुठंच अडला नाही. एकदा बघितलं होतं तिनं, पण जळत बघितलेलं माणूस विसरत नाही. बुधाजी दाराशी उभा राहून बघत होता. तोंड थोडं उघडं. "तुला गं कसं..." तो म्हणाला.

"गावलं पायजे न बगता," ठमी म्हणाली आणि झाकण लावलं.

बंदरापर्यंत पेटी तिनंच डोक्यावरून नेली; आत हत्यारं होती, त्याला दांड्यालासुद्धा हात लावायची हिंमत नव्हती. धर्माजीनं पेटी चारी बाजूंनी बघितली, पोटरी चोळली आणि म्हणाला, "हिला बसू दे. गुनाची दिसती."

तेवढ्यात कृष्णाबाई वाळूतून पळत आली. हातात काळा, मधे झिजून खोलगट झालेला दगड. वस्तादांचा धारेचा दगड.

"भावजी, इसरून चाललात की! तुमीच मागितलेला न्हवं?"

ठमीनं दगड बघितला. वीतभर लांब, चौकोनी. तिनं पेटी वाळूवर टेकवली, झाकण उघडलं आणि दगड वरच्या खणातल्या मोकळ्या जागेत ठेवला. चपखल बसला. एकाही बाजूला केस शिरेल एवढीही फट नव्हती.

बुधाजी खाडीकडं बघू लागला. खाडीत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

दगड पाण्यात टाकायला एक पाऊल पुरलं असतं. पण बिनधारेच्या पटाशीनं चौकट काय, पाटसुद्धा होत नाही, हे सुताराच्या बायकोला कुणी शिकवायला नको. ठमीनं दगड बाहेर काढला. पदराचा काठ दातात धरला आणि टर्रकन हातभर फाडला. दसऱ्याला नेसलेलं लुगडं. दगडाला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि पुन्हा त्या जागेवर ठेवला. आता तो बसेना.

"ठमे, अगं नवं लुगडं!" कृष्णाबाई म्हणाली. ह्या वेळी तिचे दात दिसले नाहीत.

"फडकं काढ की," बुधाजी पुटपुटला. "त्यानं बसत न्हाय त्यो."

"बसंल." ठमीनं दोन्ही अंगठ्यांनी दगड दाबला. काठाचा लाल दोरा खणाच्या कडेवर राहिला, तो तिनं तसाच राहू दिला. "धार लावायला काडाल तवा सोडायचं. लावून झाली की पुन्ना गुंडाळायचं. दर येळेला."

"बरं."

"आनि वैनी," ती पेटी तरीत ठेवत म्हणाली, "इरजन हाय का तुमच्याकडं? तवा मागायचं ऱ्हाऊन गेलं."