पाठवणाऱ्याच्या जागी साहेबांचा पत्ता

साहेब, माझ्या ताईची ऑपरेशनची तारीख तुम्ही घालवलीत. मशीनने नाही, इंटरनेटने नाही. तुम्ही.

ताई घड्याळं दुरुस्त करते. उजवा डोळा गेलाय, डाव्यावर सगळा कारभार, आणि आता तोही अंधुक होत चाललाय; ऑपरेशन त्याचंच. तुमच्या इस्पितळाच्या वेबसाइटवर तिनं नाव नोंदवलं. तारखेची मेल येईल, दोन दिवसांत होकार कळवा, नाहीतर नंबर पुढच्याला, हा तुमचा नियम. ताई महिनाभर फोन नाकाला लावून मेल शोधत होती. मेल आली नाही. नंबर गेला.

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "मेल गेलीय. इथं हिरवी खूण आहे. तुम्हीच नीट बघत नसाल."

"अहो बाई, नीट दिसत असतं तर आले असते का इथं?" ताई म्हणाली.

रांगेतले हसले. मला हसू आलं नाही. ती वेबसाइट मीच सांभाळतो.

वर्षापूर्वी तुम्ही हट्ट धरलात. पेशंटला मेल खुद्द साहेबांकडून आली असं दिसलं पाहिजे, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा खासगी, फुकटातला मेलचा पत्ता टाकायचा. मी तेव्हाच बजावलं होतं, "साहेब, मेल निघणार इस्पितळाच्या सर्व्हरवरून आणि पत्ता दिसणार तुमचा घरचा. पलीकडचे मेलवाले तपासतात. तोतया समजून कित्येक मेल दारातूनच हाकलतील."

"कॉलेज कुठलं रे तुझं?" तुम्ही विचारलंत.

कॉलेज नाहीच. चर्चा संपली. तो पत्ता मी माझ्या हातानं टाकला. नोकरीला भ्यालो. तेवढं पाप माझं, आणि ते मी ताईच्या तोंडावर कबूल केलंय.

परवा खिडकीवरून तडक वर आलो आणि तुम्हाला न विचारता ते दुरुस्त केलं. पाठवणारा इस्पितळाचा पत्ता, तुमचा फक्त उत्तरासाठी, आणि आमच्या नावानं मेल पाठवायला हाच सर्व्हर अधिकृत आहे अशी डोमेनवर नोंद. वीस मिनिटं लागली. ताईच्या फोनवर चाचणीची मेल लगेच पोचली.

मग डोक्यात आलं, हाकललेल्या मेल परत जातात त्या पाठवणाऱ्याकडे. म्हणजे तुमच्याकडे! तुमचा मेलबॉक्स उघडायला लावला, तर तुम्ही हसत म्हणालात, "अरे, त्या 'पोचली नाही'वाल्या ना? रोज ढीगभर यायच्या, नुसती कटकट. आपोआप कचऱ्यात जातील अशी सोय करून घेतली."

कचरा तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो. उरल्या होत्या एकशे सत्त्याऐंशी. त्यात एक ताईची.

"झालं ना आता दुरुस्त?" तुम्ही म्हणालात. "मग बोभाटा नको. बहिणीला नव्यानं नाव नोंदवायला सांग."

नवा नंबर चार महिन्यांनी लागतो. तुमच्याच डॉक्टरांनी ताईच्या कागदावर लिहिलंय, सहा आठवड्यांच्या आत. त्यातला दीड आठवडाच उरलाय.

त्या एकशे सत्त्याऐंशी जणांची यादी मी छापून घेतलीय, एक प्रत खिडकीवर चिकटवलीय. फाडलीत तर पुन्हा चिकटवीन, नोकरी गेली तर बाहेरच्या भिंतीवर. ताई आत्ता तुमच्या दाराबाहेर बाकावर बसलीय. सांगा, तिची तारीख कुठली? आणि बाकीच्या एकशे शहाऐंशी जणांची? लिहून द्या, सहीनिशी. आणि यावेळी पाठवणारा कोण, ते खरं लिहा.