पाहुणे धाकलीकडे पाठवले

शेजारची धाकली नैरोबीला उतरली आणि इकडे ललिताच्या पोटात दुखायला लागलं. हे औषधानं बरं होणारं दुखणं नव्हतं.

पडघ्याजवळच्या त्या पाड्यावर बचतगटाचं कर्ज काढून छपरावर सोलरची प्लेट बसवणारी पहिली बाई ललिता. तेव्हा अख्खा पाडा हसला होता. हीच धाकली म्हणाली होती, "वीज परंल गं घरावर!" तिची समजूत घालून, हात धरून फॉर्म भरून, दुसरी प्लेट ललितानंच तिच्या छपरावर चढवली. आणि बचतगटाची कर्जं अन् सूर्याची वीज यावरच्या परिषदेला विमानात बसून गेली कोण? तर धाकली!

बरं, हा धोंडा ललितानं स्वतःच पायावर पाडून घेतला होता. गेल्या साली बचतगटाला मदत करणाऱ्या संस्थेची माणसं परदेशी पाहुणे घेऊन पहिली प्लेट बघायला तिच्याच दारात आली. चांगले बारा जण. घर सारवायला काढलेलं, भांडी अंगणात, त्यात बारा जणांचा चहा कोण करत बसणार? "धाकलीकडं जा ना, तिचं घर चकचकीत हाय," म्हणून तिनं पीडा टाळली. पाहुण्यांनी धाकलीचे फोटो काढले, आणि आमंत्रणही धाकलीलाच आलं. ललितानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

दुपारी गटाच्या बायका तिच्या ओट्यावर जमल्या आणि तिच्याच फोनवर धाकलीचा व्हिडिओ कॉल आला. गळ्यात नावाचा बिल्ला, अंगावर धामणकर नाक्यावरच्या दुकानातून घेतलेली कोरी साडी. साडी तिला शोभत होती, म्हणून ललिताला जास्तच राग आला.

"पोचली गं मी! जेवान पार अलनी हाय," धाकली ओरडली. "आन आयक, ललिता. आल्या आल्या माझ्या हातात माईक दिला. मी सांगलं, पयली प्लेट ललिताची. पावने तिच्याच दारी आलते. पन मला मान मिलावा म्हनून तिनं त्यांना माझ्याकडं धाडलं. संस्थेच्या दिपिकाताईंनी इंग्लिशमदी सांगलं, तशी सगली उभी राहिली. तुझ्या नावाच्या टाल्या गं!"

ओट्यावरच्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या. चंद्रानं तर मिठीच मारली. "येवढं मोठं मन आमच्यात न्हाय बाय."

ललिता कोंडीत सापडली. खरं सांगावं तर लाज जाते, गप्प बसावं तर ही फुकटची थोरवी जन्मभर मिरवावी लागते. विमानाचा हेवा एकवेळ गिळता आला असता. पण त्या बाईचं मनही आपल्याहून मोठं निघालं, हे कसं गिळायचं?

"ललिता, बोल की काय तरी!" धाकली हसत म्हणाली.

"आवाज येत न्हाय तुझा," ललिता म्हणाली आणि शब्द न् शब्द ऐकू येत असताना तिनं फोन बंद केला.