वाचून दाखवा, मग सही

कमिशनरसाहेबांनी पुढे केलेलं पेन शकूने घेतलं आणि टेबलावर आडवं ठेवून दिलं. "आधी वाचून दाखवा. मग सही."

निडी गावातलं शेत कोण कसतं, ती की तिचा दीर गुणाजी, एवढाच रोह्याच्या कोर्टातला दावा. नवरा गेल्यापासून दिराचा त्या शेतावर डोळा. तिची साक्ष नोंदवायला कोर्टाने पेणचे वकील गोपाळकृष्ण यांना कमिशनर नेमलं होतं. आज कागदावर उतरेल त्यावरच शेत राहणार की जाणार, हे शकू पुरतं ओळखून होती.

सकाळपासून गुणाजीच्या वकिलाने, सुश्रुतने, तिला उलटसुलट विचारून भंडावलं होतं. उत्तर ऐकायचं आणि आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगायचं, ही कमिशनरसाहेबांची पद्धत. आता त्यांना वाटेत वडखळला गाड्या तुंबायच्या आत पेण गाठायचं होतं.

"अहो बाई, तुम्ही बोललात तेच लिहिलंय."

"मग वाचायला काय हरकत हाय?"

"कायदाच आहे सर," शकूची वकील तनया म्हणाली. "साक्ष वाचून दाखवायची, चूक असेल तर दुरुस्त करायची."

साहेब नाइलाजाने भराभरा वाचू लागले. 'भातकापणीनंतर शेत पडीक असते,' हे वाक्य आलं आणि शकूने हात वर केला.

"हे मी नाय बोलले. भातामागून नांगर घालत नाय, असं बोलले. जमिनीत ओल असते, तिच्यावरच वालाचं बी टोकतो आम्ही. नांगर कशाला?"

नांगर नाही म्हणजे पीक नाही, असं साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या एका ओळीने गुणाजीचं काम फत्ते होत होतं.

"साक्षीदार शब्द फिरवतेय," सुश्रुत म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, साक्षीदार कसा वागला याचा शेरा मारायचा मला अधिकार आहे. हट्टी आहे असं लिहिलं, तर जज्जसाहेब काय समजतील?"

भीतीपेक्षा शकूला रागच जास्त आला. भर थंडीत वाकून वाल टोकायचे तिने, आणि शेत म्हणे पडीक!

"लिवा की," ती म्हणाली. "पयला वाल लिवा. मग मी हट्टी हाय ते लिवा. आनि दोन्ही वाचून दाखवा."

साहेबांनी टायपिस्टकडे पाहून मान हलवली. टायपिस्टने पडीकची ओळ काढून वालाची घातली. साहेबांनी खरंच शेराही घालायला लावला, आणि दोन्ही वाचून दाखवलं.

"आता बरोबर हाय," शकू म्हणाली, आणि तिने पानापानावर सही केली.