ओली रेघ

घराच्या छपरावर पुन्हा खडे पडले तेव्हा वहिनीने दादाला सरळच विचारलं, "वर काय झालंय ते बघून येता, की मीच जाऊ?"

आमचं घर सुळक्याच्या पायथ्याशी. सुळक्याच्या मागच्या अंगाला दगडाची खाण. आम्हा तिघांचाही जन्म तिथेच राबण्यात गेला. माथ्यावर खडकात कोरलेला बुद्ध आहे आणि जुन्या काळच्या भिक्खूंनी खोदलेलं पाण्याचं टाकं. खाणीतल्या सुरुंगांनी तो खडक तडकला असेल, तर तो आमच्याच डोक्यावर यायचा होता.

दादाला दम लागतो. कोरीव पायऱ्यांवर तो सारखा बसत होता. फिरायला आलेली तरुण मंडळी आम्हाला ओलांडून भराभर वर जात होती.

"या भिक्खूंना गुडघे नव्हते वाटतं," दादा म्हणाला.

"गुडघे होते. तुझ्यासारखी बिडी नव्हती."

माथ्यावर वारा होता. बुद्धाचं नाक झिजून गेलेलं, मिटलेले डोळे मात्र अजून स्पष्ट. दादाने टाक्यातून डबाभर पाणी आणून मूर्तीशेजारच्या खडकावर ओतलं. खाणीत आम्ही दगड असाच तपासतो. भिजवायचा आणि वाळू द्यायचा. बाकीचा दगड वाळतो, चिरेत ओल राहते.

"काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय," एक मुलगी म्हणाली.

आम्ही सरकलो. तिचे फोटो काढून होईपर्यंत खडक वाळला. बुद्धाच्या खांद्यापासून खाली कड्यापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरली. दादाने तिच्यात गवताची लांब काडी घातली. काडी सगळी आत गेली.

"खाणीच्या साहेबाला सांगू," मी म्हणालो.

"मागे सांगितलं की. म्हणाला, हा डोंगर तुमच्या आजोबांच्या आधीपासून उभा आहे."

"मग पोराकडे जाऊन राहा."

"त्याच्या खोलीत सुनेला कूस बदलायची तर त्याला उठून उभं राहावं लागतं."

खाली वहिनी दारातच उभी होती. आमची तोंडं बघून तिने एवढंच विचारलं, "काडी किती गेली?"

दादा पायरीवर बसला.

वहिनी आत गेली. "भावजी, पलंगाचं ते टोक धरा. कड्याकडच्या भिंतीपासून लांब घेऊ."

आम्ही पलंग ओढला. तो दाराला टेकला. त्यापुढे खोलीच नव्हती.